ठाणेकराला बघून या

मास इफेक्ट या व्हिडिओ खेळमालिकेत एक पात्र आहे. रोमन लिपीत त्याचं नाव आपल्या ठाण्यासारखंच लिहितात, अक्षराला अक्षर. त्यामुळं पडद्यावर ते पहिल्यांदा उमटलं की मराठी माणूस हमखास 'ठाणे' वाचतो, आणि मग पात्र स्वतःच्या तोंडानं नाव सांगतं तेव्हा जरा ओशाळतो. उच्चार थेन. थेन क्रिओस. पण एकदा वाचलेलं डोळ्यांतून जात नाही. कोल्हापुरात गल्लीतल्या प्रत्येकाला पाळण्यातल्या नावाखेरीज दुसरं एक नाव असतंच, तिथं या परग्रहावरच्या मारेकऱ्याचा 'ठाणेकर' व्हायला कितीसा वेळ लागणार! हिरवट खवल्यांची कातडी, काळेभोर डोळे, लांब कोट, घोगरा आवाज आणि निकामी होत चाललेली फुप्फुसं. मालिकेच्या दुसऱ्या भागात, २०१० साली, तो आला. तिसऱ्या भागात, २०१२ मध्ये, गेला. आपण जाणार हे त्यानं जहाजावर पाऊल ठेवायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअरनं बनवलेल्या या खेळात तुम्ही कमांडर शेपर्ड असता. नॉर्मंडी नावाचं जहाज, त्यावर गोळा केलेली दहा-बारा जणांची टोळी, आणि त्यातल्या काहींशी प्रेम जमवायची मुभा. धडधाकट पर्याय भरपूर आहेत. गॅरस आहे, जेकब आहे. तरीही ज्याचं आयुष्य महिन्यांत मोजायचं, त्याच्यापाशीच जाऊन बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि पंधरा वर्षांनंतरही ती माणसं त्याच्याबद्दल घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलतात. याची कारणं सांगणारे पुष्कळ. शोकांतिकेची ओढ, अशक्य प्रेमाची गोडी वगैरे. ती उत्तरं जरा आळशी वाटतात. आपल्याकडं याला एक साधा शब्दप्रयोग आहे, 'बघून येणं'. 'सीपीआर हॉस्पिटलला अ‍ॅडमिट आहेत, काल बघून आलो.' या वाक्यातल्या बघण्यानं पेशंट बरा होत नाही, हे जाणाऱ्यालाही माहीत असतं आणि पेशंटलाही. तरी न जाणं हा गुन्हा असतो, आणि तो वर्षानुवर्षं लक्षात ठेवला जातो. थेनचे चाहते बघून येणारे लोक आहेत. खेळही, कळत-नकळत, त्यासाठीच बांधलेला आहे.

आधी आजार. खेळात त्याचं नाव केप्रल्स सिंड्रोम. थेन ज्या वंशाचा, ते ड्रेल. त्यांचा मूळ ग्रह राखाना कोरडा, वाळवंटी. लोकसंख्या वाढली, संपत्ती संपली, ग्रह मरू लागला, तेव्हा हानार नावाच्या जेलीफिशसारख्या जमातीनं त्यातल्या काही लाखांना उचलून आपल्या काहजे ग्रहावर आणलं. काहजे म्हणजे पाणीच पाणी, सदा पाऊस, सदा ढग. कोरड्या हवेसाठी घडलेल्या फुप्फुसांना ती ओल पिढ्यान्‌पिढ्या सोसत नाही. हळूहळू श्वासातला ऑक्सिजन रक्तात उतरायचा थांबतो, मग बाकीचे अवयव जातात. संसर्गजन्य नाही, पण इलाजही नाही.

हे वाचताना अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या खेळणाऱ्याला काल्पनिक रोग दिसत असेल. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर काढलेल्याला तो ओळखीचा वाटतो. भिंतीला हात लावला तर गार ओल लागते, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, धुतलेले कपडे तिसऱ्या दिवशीही दमट राहून कुबट मारतात, आणि घरातल्या दमेकरी आजोबांची छाती बरोबर गगनबावड्याकडून ढग आले की भरते. डॉक्टर इनहेलर लिहून देतात आणि वर म्हणतात, 'जमलं तर चार महिने कोरड्या गावाला जाऊन राहा.' जमत नाही कुणालाच. थेनच्या दुखण्याचं मूळ हेच आहे. वाचवणाऱ्यानं जिथं आणून ठेवलं, तिथलीच हवा बाधली. हानारांचा उपकारही खरा आणि ओलही खरी, म्हणून त्याला कुणावर रागही धरता येत नाही.

आता एक बारीक गोष्ट बघा. जहाजावर आल्यावर तो खोली मागतो ती कोरडी. जहाजाच्या तिसऱ्या मजल्यावर लाइफ सपोर्टची यंत्रणा आहे, तिथली हवा बाकी जहाजापेक्षा किंचित कोरडी असते, म्हणून त्याला ती खोली मिळते. श्वास पुरवणाऱ्या यंत्राच्या शेजारी श्वास संपत आलेला माणूस! खेळ लिहिणाऱ्यांनी हे कुठंही बोलून दाखवलेलं नाही, दारावर पाटी आहे तेवढीच. आत गेलं की एक टेबल, मागं भिंतीला टांगलेल्या बंदुका, समोर काच आणि काचेपलीकडं जहाजाचं धगधगतं इंजिन. तो दाराकडं पाठ करून बसलेला असतो, कोपर टेबलावर, बोटं एकमेकांत गुंतवलेली. तुम्ही आत आलात हे त्याला पावलांवरून कळतं. समोरची खुर्ची रिकामी असते. ती खुर्ची नीट लक्षात ठेवा. दुसऱ्या भागातलं सगळं प्रेमप्रकरण बहुतेक या खुर्चीवर बसूनच होतं. मिठ्या नाहीत, फुलं नाहीत, नुसतं समोर बसून ऐकणं. पेशंटच्या पलंगाशेजारी असतं ते लोखंडी स्टूल आठवतं का? तेच हे.

या खेळातल्या संभाषणाची चकती अशी चालते. बोलण्याचे पर्याय वर्तुळात मांडलेले असतात. उजवीकडचे पर्याय बोलणं पुढं नेतात आणि संपवतात. डावीकडचे पर्याय बहुतेक चौकशीचे, कितीही विचारा, वेळ पुढं सरकत नाही. नवखा खेळाडू भराभर उजवीकडं दाबत जातो आणि चार वाक्यांत खोलीबाहेर पडतो. जुना खेळाडू आधी डावी बाजू संपवतो. बायकोबद्दल विचारतो, मुलाबद्दल, देवांबद्दल, आजाराबद्दल. आजारी माणसाकडं गेल्यावर आपण काय करतो? चौकशी. 'झोप लागली का, जेवण जातंय का, पोरगा येऊन गेला का.' कामाचं असं काही बोलायचं नसतंच. थेनच्या बाबतीत ज्यांना 'काही वाटलं नाही बुवा', त्यातले निम्मे तरी उजवीकडं दाबत गेलेले असतात, यावर पैज लावायला हरकत नाही.

या चौकशीत जे बाहेर येतं, ते असं. ड्रेलांना काहीच विसरता येत नाही. आठवण आली की ती नुसती आठवत नाही, पुन्हा घडते. बोलता बोलता थेनची नजर स्थिर होते, आवाज खाली जातो, वाक्यं तुटक आणि वर्तमानकाळात येतात. वसंताच्या वाऱ्यावर मसाल्याचा वास आहे, बंदुकीचा लेसर ठिपका लक्ष्यावर आहे, आणि मध्येच एक बाई त्या ठिपक्यासमोर येऊन उभी राहते, अनोळखी माणसाला वाचवायला, नेम धरणाऱ्याकडं रोखून बघत. ती इरिका. पुढं त्याची बायको झाली. पुढं त्याच्याच धंद्याच्या सूडापायी मारली गेली, तो बाहेरगावी कामावर असताना. मग तो मारेकऱ्यांच्या मागं गेला, मुलाला, कोल्याटला, नातेवाइकांकडं टाकून. परत आलाच नाही. म्हणजे आजारी माणूस आहे म्हणून पुण्यवान आहे अशातला भाग नाही. पोराला टाकून गेलेला बाप आहे. चाहत्यांनी हे कधी झाकलं नाही, ही त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखी गोष्ट.

बोलणं पुढं जातं तसा तो शेपर्डला 'सिहा' म्हणू लागतो. अर्थ विचारला तर लगेच सांगत नाही. नंतर सांगतो. त्यांच्या अराशू देवीच्या लढवय्या दूतांपैकी एक म्हणजे सिहा, कोपली तर भयंकर, राखायला उभी राहिली तर न हटणारी.  इंग्रजी मंडळांत या शब्दावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. अंबाबाईच्या गावात, जिथं मूर्तीच्या पाठीशी दगडाचा सिंह उभा आहे, तिथं देवीची रणरागिणी म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कानाला तर तो शब्द अर्धा मराठीच वाटतो.

एक अट मात्र आहे. थेनशी प्रेम जमायचं तर शेपर्ड बाई असावी लागते. पुरुष शेपर्डशी तो मित्रासारखा राहतो, मरतो तेव्हाही मित्र म्हणूनच. म्हणून एरवी पुरुष शेपर्ड घेणारे पुष्कळ पोरगेही एक डाव फक्त त्याच्यासाठी बाई शेपर्डचा खेळतात. जिथं पोरी सर्रास 'मी आलो, मी गेलतो' म्हणतात त्या गावात पोरानं 'मी सिहा' म्हटलं तर कोण हसणार?

कामाच्या गोष्टी. दुसऱ्या भागात होरायझनची मोहीम झाल्यावर इलियम ग्रहाची कामं उघडतात. त्यात सगळ्यांत आधी थेनला घ्या. दांतिअस टॉवर्समधलं काम आहे, अवघड नाही. कारण असं की त्याची संभाषणं एकामागून एक मिळत नाहीत, मध्ये मोहिमा कराव्या लागतात, तेव्हा पुढचं बोलणं उघडतं. त्याला शेवटी घेतलात तर बोलणी तुंबतात आणि मग रीपर या यंत्रशत्रूंचं आयएफएफ नावाचं उपकरण आणल्यावर खेळ घाई लावतो. दुसरं म्हणजे मुलाचं काम. कोल्याटनं बापाच्याच धंद्यात पाऊल टाकून एका राजकारण्याला मारायची सुपारी घेतलेली असते, ती थांबवायची. इथं गोळीबार जवळपास नाही, उंच पुलांवरून त्या राजकारण्याचा, टालिडचा, माग काढत थेनला खबर देत राहायचं असतं. बऱ्याच जणांची चूक इथंच होते. सवयीनं धावत सुटतात किंवा मधल्या माणसाशी बोलण्यात अडकतात, टालिड नजरेआड होतो, आणि काम फसतं. फसलं की थेनची निष्ठा मिळत नाही, आणि प्रेमही तिथंच अडतं. या कामाच्या आधी वेगळं सेव्ह करून ठेवायचं, त्यावर दुसरं काही लिहायचं नाही.

मग शेवटची आत्मघाती मोहीम. इथं खेळ किती खवचट आहे ते कळतं. शत्रूच्या तळाकडं नेणाऱ्या ओमेगा-४ रिले या अवकाशद्वारातून जाताना जहाजाला थॅनिक्स तोफ बसवलेली नसेल, तर झालेल्या स्फोटात एक जण मरतो, आणि त्या यादीत पहिलं नाव थेनचं आहे, तो त्या वेळी तुमच्या दोन सोबत्यांत नसेल तर. तोफेचा सल्ला गॅरसशी बोलल्यावर मिळतो आणि बसवायला १५,००० प्लॅटिनम लागतं. ते ग्रहाग्रहांवर यान फिरवून, काट्यावर नजर ठेवून खणायचं. अत्यंत कंटाळवाणं काम, त्याला दुसरा शब्द नाही. म्हणजे ज्याची फुप्फुसं जाणारच आहेत, तो माणूस तुम्ही प्लॅटिनम खणायचा कंटाळा केलात म्हणून छातीत लोखंडी तुळई घुसून आधीच मरतो. पुढं नळीतून कुणाला पाठवायचं असं विचारतात. टाली, लीजन किंवा कासुमी, याच तिघांपैकी कुणी. थेन सडपातळ आहे, चपळ आहे, नळ्यांतून सरपटत येऊन लोकांना मारणं हाच तर त्याचा धंदा, म्हणून त्याला पाठवायचा मोह होतो. पाठवू नका. तिथं हवं ते यंत्राचं डोकं, त्याच्याकडं हात आहेत. आणि मागं राहून दार राखणाऱ्यांत ग्रंट, गॅरस, झाईद यांपैकी कुणी दणकट ठेवा, कारण ती लढाई सगळ्यांच्या ताकदीची सरासरी काढून ठरते.

एवढी सगळी खटपट कुणासाठी? जो पुढच्या भागात मरणार आहे त्याच्यासाठी. पहिल्यांदा खेळणाऱ्याला ते माहीत नसतं, पण दुसऱ्यांदा, पाचव्यांदा खेळणाऱ्याला माहीत असतं, तरी तो प्लॅटिनम खणतो. याला आशा म्हणता येणार नाही. आजारी माणसाला गावातल्या डॉक्टरनं हात टेकल्यावर 'मिरजेला नेऊ या' म्हणणाऱ्या पिढीला हे नीट कळेल. मिरजेला नेलेला प्रत्येक जण परत येईल असं कुणाला वाटायचं नाही. पण नेलं नाही असं व्हायला नको.

मोहिमेच्या आदल्या रात्री तो वर शेपर्डच्या केबिनमध्ये येतो. कित्येक वर्षं मरणाला तयार असलेला, हात जोडून शांत बसणारा माणूस. आणि इथं टेबलावर मूठ आपटतो. रडतो. आपल्याला भीती वाटतेय याची त्याला लाज वाटते. तयारी पूर्ण झाली होती, हिशेब मिटले होते, आणि आता कुणीतरी येऊन समोरच्या खुर्चीत बसायला लागल्यामुळं जगावंसं वाटायला लागलं, ही त्याची तक्रार. बघून येण्याचा हा दुसरा पैलू आपल्याकडं कुणी बोलत नाही. रोज येणाऱ्या माणसामुळं पेशंटचं मरण अवघड होतं. घरातली जाणती बाई कधीकधी म्हणते ना, 'जीव अडकलाय कुणात तरी.' ते हेच.

तिसरा भाग. थेन आता टोळीत नाही. सिटाडेल या अवकाशनगरीत हुएर्टा मेमोरियल नावाचं हॉस्पिटल आहे, तिथं तो असतो. पॅलावेनची मोहीम करून परतलात की आधी लिफ्ट पकडून तिथं जा. पलंगावर पडलेला दिसणार नाही. खिडकीपाशी उभा राहून, हवेत ठोसे मारत, व्यायाम करत असतो. त्याच हॉस्पिटलात तुमचा जुना सहकारी, अ‍ॅशली किंवा कैडन, जखमी होऊन पडलेला असतो. आणि थेन म्हणतो की त्या पेशंटकडं मी लक्ष ठेवेन. कुठल्याही सरकारी हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात रात्र काढलेल्याला हे दृश्य पाठ असतं. ज्याला स्वतःला उठवत नाही, तो शेजारच्या कॉटवाल्याचं सलाईन संपत आलंय का ते बघतो, नर्सला हाक मारतो, त्याच्या नातेवाइकाला सांगतो, 'तुम्ही जावा जेवून, मी हाय की.' खेळ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपले वॉर्ड नसणार, तरी माणूस बरोबर टिपलाय.

आता मुदत. ही मुदत खेळात कुठंच लिहिलेली नाही, आणि सगळी हळहळ इथूनच सुरू होते. तुचांका ग्रहाची मुख्य मोहीम संपली की पुढं सिटाडेलवर सर्बेरस या गुप्त संघटनेचं बंड होतं. त्याच्या आधी थेनला भेटायला हवं. भेटला नाहीत, तर बंडाच्या वेळी तो येत नाही. मग सिटाडेलच्या कारभारी मंडळातल्या सालेरियन वंशाच्या काउन्सिलरला वाचवायला मेजर किराहे नावाचा सैनिक आला तर आला, तोही पूर्वीच मेलेला असेल तर काउन्सिलर जातो. पण काउन्सिलरचं कुणाला काय? थेनचा निरोप घ्यायची ती खोलीच उघडत नाही, दुखणं त्याचं. पहिल्यांदा खेळणारे इथं फसतात, कारण तुचांकाची मोहीम अशी रंगते की मध्ये थांबवत नाही. युद्ध पेटलंय, सगळे बोलावतायत, हॉस्पिटल काय, जाऊ की नंतर. राहून जातं. नवख्याला जुना खेळाडू एवढंच सांगतो, 'भावा, तुचांका पळून जात नाही. आधी ठाणेकराला बघून ये.' आणि एकदाच जाऊन भागत नाही. एक बोलणं झालं की मध्ये एखादं लहान काम उरकून पुन्हा जायचं, डावी बाजू पुन्हा संपवायची.

भेटलात, तर बंडात तो येतो. काउन्सिलरच्या आणि काय लेंग नावाच्या तलवारबाजाच्या मध्ये उभा राहतो. तलवार पोटात जाते. चाहत्यांचा या प्रसंगावरचा राग आजही जिवंत आहे, आणि तो मरणावरचा नाही, हे बाहेरच्यांना समजावता समजावता ते थकतात. राग दोन गोष्टींवर. एक, काय लेंग. हा खलनायक इतका पोकळ लिहिलाय, की अशाच्या हातून मरण येणं हा अपमान वाटतो. दोन, दुखण्यानं मरणाऱ्या माणसाला तलवारीनं मारलं. दोन भागभर ज्या आजाराची तयारी करून घेतली, तो आजार शेवटी बाजूलाच राहिला. दुसऱ्या मुद्द्यावर उलट म्हणणारेही आहेत. धडधाकट थेन त्या जखमेतून उठला असता, आजारानं पोखरलेलं शरीर उठलं नाही, म्हणजे मारलं आजारानंच. हा युक्तिवाद बरोबर आहे. समाधान मात्र त्यानं होत नाही.

पुढची पाच मिनिटं मात्र कुणी वाईट म्हणत नाही. पलंग, मशीन, कोल्याट आलेला. थेन समुद्राची देवी कलाहीराची प्रार्थना म्हणायला लागतो, श्वास पुरत नाही, मध्येच तुटतो. कोल्याट पुढं सरकून हातातल्या पुस्तकातून राहिलेली प्रार्थना म्हणतो, शेपर्डही म्हणू शकते. टाकून दिलेला मुलगा बापाच्या तोंडचं वाक्य पुरं करतो, हे एक झालं. दुसरं अगदी बारीक आहे. थेन गेल्यावर शेपर्ड विचारते, शेवटच्या कडव्यात 'ती' का होतं? तो तर स्वतःसाठी क्षमा मागत होता ना? कोल्याट सांगतो, की स्वतःसाठी त्यांनी आधीच मागून झालं होतं. ही प्रार्थना तुझ्यासाठी होती. सगळा प्रसंग एका सर्वनामावर उभा आहे. इंग्रजीत वाक्यभर लिंग कळत नाही, एका शब्दात कळतं, म्हणून तो शब्द कानावर येऊनही पटकन लक्षात येत नाही आणि मग उशिरा आत जातो. मराठीत हे भाषांतर करायला घेतलं तर पंचाईत. आपली बरीच क्रियापदं आणि विशेषणं आधीच चुगली करून मोकळी होतात. कर्मणी प्रयोग लावून, विशेषणं टाळून कसंबसं शेवटच्या ओळीपर्यंत नेता येईल. नाहीतर ते भाषांतर कोल्हापूरच्या पोरीला सांगावं. ती सगळं 'तो'त सांगेल आणि शेवटी फक्त एकदा 'ती' म्हणेल.

त्यानंतर जे होतं, त्याला चाहत्यांनी सगळ्यांत मोठी चूक म्हटलं, आणि ते खरंच आहे. काही होत नाही. जहाजावरच्या स्मरणभिंतीवर त्याचं नाव लागतं, बस्स. जिचा माणूस गेला तिच्याकडं कुणी येत नाही. मयतानंतर घरात माणसं येऊन नुसती बसतात, बोलायला काही नसतं तरी बसतात, शेजारच्या घरातून पिठलं-भात येतो. नॉर्मंडीवर कुणी पिठलं आणत नाही. शेपर्ड पुढच्या मोहिमेचा नकाशा बघते. मूळ खेळाच्या त्या पोकळीवर इतकी ओरड झाली, की वर्षभरानं, मार्च २०१३ मध्ये आलेल्या सिटाडेल या जोडभागात शेपर्डच्या घरी थेनची शोकसभा आहे. कोल्याट येतो, जुने सोबती येतात, आणि प्रेम केलेलं असेल तर थेनचे तिला न पोचलेले निरोप मिळतात. उशिरा झालेला दहावा म्हणा. झाला हे महत्त्वाचं. जोडभाग आता लेजंडरी एडिशनमध्ये मूळ खेळासोबतच येतो, २०२१ पासून. संगणकावर जागा मात्र १२० जीबी लागते. ४० एमबीपीएसच्या लाइनवर उतरवायला पावणेसात तास, तेही पावसात लाइट गेली नाही तर.

राहिला प्रश्न, वाचवता आलं नसतं का? दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच शेपर्ड स्वतः मेलेली असते. लाझारस नावाच्या प्रकल्पात दोन वर्षं आणि चार अब्ज क्रेडिट खर्चून सर्बेरस तिला पुन्हा उभी करतं. मेलेल्या माणसाला उठवणाऱ्या जगात दोन फुप्फुसं बसवता येत नाहीत? हा मुद्दा चाहत्यांना बिनतोड वाटतो. म्हणून त्याला जिवंत ठेवणारे मॉड, म्हणजे खेळातले फेरबदल, चाहत्यांनी स्वतः केले. मॉड बसवायचा असेल तर आधी मूळ खेळाची प्रत बाजूला काढून ठेवायची, मॉड मॅनेजरमधून आधी कम्युनिटी पॅच, मग बाकीचं, आणि डाव सुरू झाल्यावर मधेच मॉड काढायचा-घालायचा नाही, सेव्ह बिघडतं. एवढं करूनही बऱ्याच जणांचा अनुभव एकच, चार दिवसांत कंटाळा येतो. कारण तांत्रिक आहे. थेनचा आवाज खऱ्या अभिनेत्यानं दिलाय, आणि जी वाक्यं रेकॉर्ड झाली तेवढीच आहेत. मॉड करणारा त्यांचीच कापाकापी करून जुळवतो. म्हणजे वाचलेला थेन नवीन काही बोलत नाही. वाचतो, आणि तीच जुनी वाक्यं पुन्हा म्हणतो.

ड्रेलांच्या आठवणीचं हेच तर होतं. चाहत्यांनी त्यापेक्षा वेगळं काही केलंय असंही नाही. केबिनमधल्या रात्रीचं एक सेव्ह, खिडकीपाशीच्या भेटीचं एक, प्रार्थनेच्या आधीचं एक. हवं तेव्हा उघडायचं, पुन्हा घडवायचं, पुसट होऊ द्यायचं नाही. काही जण तर तुचांका अर्धवट ठेवून तो डाव तिथंच सोडतात. युद्ध थांबलेलं, बंड झालेलं नाही, खिडकीपाशी तो ठोसे मारतोय. त्यावर दुसरा डाव सुरू करतात आणि पहिल्याला हात लावत नाहीत.

डाव पुढं नेलेल्यांना हॉस्पिटल बंद होत नाही. लिफ्टच्या यादीत हुएर्टा मेमोरियल तसंच राहतं, दुसऱ्या कामांसाठी. काम नसतानाही लोक एकदा तो मजला दाबतात. दार उघडतं, लॉबीत माणसं बोलत असतात, डॉक्टर जात-येत असतात. खिडकी रिकामी असते. तिच्यासमोर थोडा वेळ शेपर्डला उभी करायची. खेळ काही म्हणत नाही, संभाषणाची चकती उघडत नाही. मग परत लिफ्ट.